पटावर न बसलेला खेळाडू

२०२५ सालच्या २८ जुलैला नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी शहरी महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम लढतीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती. म्हणजे पट परक्या मुलुखात आणि दोन्ही बाजूंना खेळाडू मात्र आपलेच. या विजयासरशी दिव्या ग्रँडमास्टरही झाली. तिचे कौतुक ओसरले नव्हते तोच, २० आणि २१ ऑगस्टला, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी गदारोळात आणि फारशी चर्चा न करता ऑनलाइन खेळांविषयीचे विधेयक संमत केले. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या सगळ्या खेळांना या कायद्याने मनाई केली. त्यात रमी आली, पोकर आला, क्रिकेटचे काल्पनिक संघ आले आणि लुडोसुद्धा आला.

लुडो हे नाव या यादीत वाचून पुष्कळांना हसू आले असेल. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी मुलांनी उन्हात जाऊ नये म्हणून आणलेला तो पुठ्ठा, ज्याच्या एका बाजूला लुडो आणि दुसऱ्या बाजूला सापशिडी! त्या पुठ्ठ्याचा खेळ संसदेपर्यंत कसा पोचला? एकाच महिन्यात एका पटाचा देशाने गौरव केला आणि दुसऱ्यावर बंदी आणली. बुद्धिबळ बुद्धीचे आणि लुडो नशिबाचा, असे उत्तर यावर पटकन सुचते. आपला कायदाही दीडशे वर्षे याच उत्तरावर चालला. ते उत्तर अपुरे आहे, असे मला वाटते. खेळ कोणता याला जितके महत्त्व आहे त्याहून अधिक तो कसा आणि कोणासाठी खेळला जातो याला आहे. हे समजून घ्यायचे तर आधी पट उघडून पाहायला हवा.

आपल्याकडचे तीन पट घ्या. पहिला बुद्धिबळाचा. इथे फासा नाही, दान नाही, दोघांच्याही डोळ्यांसमोर सगळे उघडे. हरलो तर दोष द्यायला नशीबही हाताशी नाही. दुसरा टोकाचा पट सापशिडीचा, म्हणजे आपला मोक्षपट. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. मूळ पटावर एकेक साप म्हणजे एकेक दुर्गुण आणि एकेक शिडी म्हणजे एकेक सद्गुण होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडला गेला आणि पुढे त्यातला मोक्ष गळून नुसते साप आणि शिड्या उरल्या. या खेळात खेळणाऱ्याला ठरवायचे काहीच नसते. दान पडेल तितकी घरे चालायचे, साप आला की उतरायचे. म्हणजे शंभर टक्के नशीब. तरीही सापशिडीला कोणी जुगार म्हटल्याचे ऐकिवात नाही, कारण तिथे लावायचे काही नसते.

या दोहोंच्या मधला पट सारीपाटाचा. कापडाची फुली, तिच्या चार भुजा, प्रत्येक भुजेत तीन ओळी आणि ओळीत आठ घरे. अशी ९६ घरे आणि मध्ये मुक्कामाचे घर. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. दान फाशांनी टाकायचे किंवा कवड्यांनी. सहा कवड्या हातात खुळखुळवून टाकायच्या आणि उताण्या किती पडल्या ते मोजायचे. पंचवीसच्या दानावरून त्याला पचीसी नाव पडले. दान हातात नसते, पण आलेले दान कोणत्या सोंगटीला द्यायचे हे आपल्या हातात असते. पुढची पळवायची की मागे अडकलेली सोडवायची, समोरच्याची मारायची की आपली फुलीच्या घरात सुरक्षित बसवायची, हा विचार दर दानाला करावा लागतो.

यातल्या कवड्यांचे गणित मोठे सुंदर आहे. कवडी दोन्ही अंगांनी सारखीच पडते असे धरले तर सहा कवड्या ६४ तऱ्हांनी पडू शकतात. त्यांपैकी तीन उताण्या आणि तीन पालथ्या अशा २० तऱ्हा, आणि सगळ्याच्या सगळ्या उताण्या अशी एकच. म्हणजे मधली दाने वरचेवर येणार, टोकाची क्वचित. खेळून खेळून हाताला त्याचा अंदाज येतो आणि त्या अंदाजावर चाल बेतता येते. लुडोच्या एका चौकोनी फाशावर मात्र एकपासून सहापर्यंत प्रत्येक आकडा सारख्याच वेळा येणार. अंदाज बांधायला जागाच उरत नाही.

सारीपाटाचा लुडो झाला तो इंग्लंडात. १८९६ साली तिथे त्याचे पेटंट घेतले गेले. भुजेतली घरे आठांची सहा झाली, कवड्या गेल्या, एक फासा आला. या सगळ्यात मला जाणवणारा बदल निराळाच आहे. चौघे सारीपाट खेळतात तेव्हा समोरासमोरचे दोघे भिडू असतात, आणि दोघांच्याही सोंगट्या घरी पोचल्याशिवाय जिंकणे नसते. आपल्या सोंगट्या लवकर पोचत असल्या तरी भिडूसाठी एखादी मागे ठेवावी लागते. लुडोत भिडू नाही, ज्याचा तो. लॅटिन भाषेत ‘लुडो’चा अर्थच मुळी ‘मी खेळतो’ असा आहे. ‘आपण खेळतो’ पासून ‘मी खेळतो’ पर्यंतचा हा प्रवास त्या पेटंटबरोबर झाला. फोनमधल्या लुडोपर्यंतचे उरलेले अंतर मग फार नव्हते.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडचा १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा खटला आला, तेव्हा जुगार हा व्यापार म्हणून घटनेच्या संरक्षणाला पात्र नाही, मात्र ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, अशी रेघ ओढली गेली. पुढे १९६७ साली रमी प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरली, १९९६ साली घोड्यांच्या शर्यती. फोनवरच्या कंपन्यांनी आपले सारे इमले या रेघेच्या अलीकडच्या बाजूला बांधले. २०२१ साली तर लुडो कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न मुंबईच्या न्यायालयापुढेही आला. काही ॲपवाल्यांनी लुडोचे नियमही बदलून घेतले. सोंगट्या आधीपासूनच पटावर, ठरावीक मिनिटांत जो जास्त घरे चालेल तो विजयी, कुठे तर दोघांनाही एकसारखीच दाने. नशिबाचा भाग कमी झाल्याचे दाखवायचे आणि रेघेच्या आत राहायचे, हा हेतू उघड होता.

या साऱ्या वादात एक गृहीतक दडलेले होते. कौशल्याचा खेळ म्हणजे निरुपद्रवी खेळ, हे ते गृहीतक. पैसा लागला की नेमके उलटे होते. नाणे उडवून पैज लावणाऱ्या दोघांत अडाण्यालाही निम्म्या वेळा जिंकायची आशा असते. पण मी दिव्या देशमुखबरोबर शंभर रुपये लावून बुद्धिबळ खेळायला बसलो तर माझे शंभर रुपये गेलेच म्हणून समजा. खेळात कौशल्य जितके अधिक, तितका नवख्याचा तोटा निश्चित. महाभारतकाराला हे पुरते ठाऊक होते. युधिष्ठिराला द्यूताची हौस आहे पण खेळता येत नाही, हे शकुनीने आधीच हेरून दुर्योधनाला सांगितले होते. कौरवसभेतला तो डाव शकुनीच्या बाजूने पाहिला तर कौशल्याचाच होता! आणि त्यातली दुसरी मेख पाहा. फासे टाकणार शकुनी आणि पणाला लावायचे धन दुर्योधनाचे. ज्याच्या हातात फासे त्याच्या खिशाला झळ नाही.

त्याच ग्रंथातल्या नलाची गोष्ट याच्या जोडीला ठेवण्यासारखी आहे. नल द्यूतात राज्य हरला. पुढे ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवली; ती मोजण्याची विद्या आणि फाशांचे मर्म नलाने त्याच्याकडून शिकून घेतले, बदल्यात त्याला घोड्यांची विद्या दिली, आणि मग राज्य परत जिंकले. गणित आल्याशिवाय पटाला हात लावू नये, असा त्याचा व्यवहारी अर्थ मी घेतो.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे गणित मांडल्यावाचून राहवत नाही. समजा, तुम्ही आणि मी अगदी सारख्या ताकदीचे खेळाडू आहोत. प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसलो आहोत. दर डावाला दोघांनी शंभर-शंभर लावायचे. त्या दोनशेतून खेळ चालवणारा दहा टक्के, म्हणजे वीस रुपये, कापून घेणार आणि जिंकणाऱ्याच्या हातावर एकशे ऐंशी ठेवणार. जुगाराच्या अड्ड्यावर या कपातीला नाल म्हणतात, ॲपवर तिला सेवाशुल्क म्हणतात. आपण सारखेच असल्याने कधी तुम्ही जिंकाल, कधी मी. पण दर डावाला वीस रुपये आपल्या दोघांच्या मधून निघून जातात. शंभर डाव झाले की वीस गुणिले शंभर, दोन हजार. म्हणजे तुमचे हजार गेले, माझेही हजार गेले, आणि आपण दोघांनी एकमेकांना हरवलेलेही नाही. डाव दहा मिनिटांचा धरला तर या कामाला सतरा तासही लागत नाहीत. जो पटावर बसलाच नाही, ज्याने एकही दान टाकले नाही, तो एकटा जिंकला.

खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्न इथे गैरलागू होतो. सोंगट्या कशाही चालल्या तरी वीस रुपयांची वाट ठरलेली आहे. घरोघरी मुले ‘व्यापार’ खेळत, त्या पटावरही बँक असे. पण त्या बँकेला जिंकायचे नसे. ती एखाद्या समंजस मुलाकडे सोपवलेली असे आणि डाव संपला की नोटा पेटीत जात. फोनमधल्या पटावरची बँक मात्र जिंकण्यासाठीच बसलेली असते.

या गणिताला वेगाची जोड मिळते तेव्हा माणूस सावरू शकत नाही. सारीपाटाचा डाव तासन्‌तास चाले. मध्ये चहा होई, भांडण होई, कोणी तरी खोटे दान मोजल्याचा आरोप होई, आणि शेवटी आतून जेवायची हाक आली की पट गुंडाळला जाई. हरणाऱ्याचा चेहरा समोर दिसे आणि तो मित्राचा किंवा मेहुण्याचा असे. पैज लागलीच तर चिंचोक्यांची. फोनवरच्या पटाला हाक मारणारे कोणी नाही. समोरचा भिडू कोण, कुठला, माणूस आहे की यंत्र, हे कळत नाही. हरल्याबरोबर पुढचा डाव समोर हजर असतो आणि पैसे खिशातून काढावेही लागत नाहीत, बोट टेकवले की जातात.

ओळखीचे लोक अजूनही खात्यांचे उतारे घेऊन माझ्याकडे येतात. एका नोकरदार मुलाचा उतारा त्याच्या आईने मला दाखवला होता. पगार जमा झाल्याच्या रात्री साडेअकरा ते पहाटे चार या वेळात पन्नास नोंदी होत्या. पंचवीस रुपये, पन्नास, शंभर, मध्येच एकदा दीडशे जमा, पुन्हा पन्नास, पुन्हा दोनशे. एकही रक्कम अशी नव्हती की बँकेतल्या कोणाची भुवई वर जावी. आम्ही बँकवाले मोठ्या रकमेवर नजर ठेवायला शिकलो होतो. हा पैसा थेंबाथेंबाने गेला. त्या माउलीला कोणी लुबाडणारा दाखवता येईना, कारण प्रत्येक नोंदीवर मुलाची स्वतःची संमती होती.

विधेयक आले तेव्हा सरकारने जो अंदाज सांगितला तो असा, की देशातले सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात. भागाकार केला तर माणशी साडेचारशे रुपयेही होत नाहीत. एवढ्यासाठी कायदा कशाला, असे कोणी म्हणेल. पण सरासरी हा फार फसवा आकडा असतो. बहुतेकांचे पन्नास-शंभर जातात आणि ते विसरतात. काहींचे मात्र दागिने जातात, वसुलीची माणसे दारात येतात आणि आत्महत्येच्या बातम्या होतात. कर्जबुडीतही बहुतेक खाती सुरळीतच असतात. बँकेला बुडवतात ती मोजकीच. इथे बुडतात ती घरे.

म्हणून २०२५ च्या कायद्याने जी गोष्ट केली ती मला तत्त्वतः बरोबर वाटते. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैशाच्या आशेने पैसे भरून तो ऑनलाइन खेळला जात असेल तर मनाई, असे त्याने सांगितले. रेघ खेळाच्या जातीवरून उचलून पैशावर आणून ठेवली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, पैशाचा व्यवहार पुरवणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. हा फरक शहाणपणाचा आहे. आपली घरे मात्र अनेकदा उलटे वागतात. मुलाला शिक्षा करतात आणि गोष्ट दडवून ठेवतात.

पण तत्त्व बरोबर असले म्हणजे काम झाले असे नाही. सही होताच देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. त्यांचा पत्ता होता, लेखापरीक्षण होते. परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या संकेतस्थळांना यांतले काहीच नसते. दार बंद केले तर खिडकीतून जाणारे निघतातच. शासनाची स्वतःची भूमिकाही स्वच्छ नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांत भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के कर लावला गेला. म्हणजे जवळपास दोन वर्षे सरकारही त्या नालेत भागीदार होते. आपल्या राज्याने तर १९६९ साली स्वतःची लॉटरी सुरू केली. मग कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली यात नवल नाही. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या त्यांच्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या. कौशल्याचा जुना मुद्दा तिथे मांडला जाणारच. न्यायमूर्तींसमोर तो वीस रुपयांचा हिशेबही कोणीतरी मांडावा, एवढीच माझी इच्छा आहे.

मला एक भीती वाटते. बंदीच्या भरात आपण पटालाच पाप समजू लागू. आपल्या संस्कृतीला पटाचे वावडे कधी नव्हते. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत आणि दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असे नाव आहे. त्याच परंपरेत ऋग्वेदातले अक्षसूक्तही आहे, ज्यात जुगारी स्वतःच्या मोडलेल्या संसाराचे दुःख सांगतो. खेळाचा आनंद आणि पैजेची आग या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांना एकाच वेळी माहीत होत्या. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा दूरदर्शनवर महाभारत पुन्हा सुरू झाले आणि त्याच दिवसांत फोनवरचा लुडो घराघरांत शिरला. काका पुण्यात, भाची दुबईत, आजी सांगलीत, आणि चौघांचा एक पट. त्यात पैसा नव्हता. माणसे एकमेकांना भेटत होती. तोही फोनच होता आणि तोही लुडोच. म्हणजे दोष यंत्रालाही देता येत नाही. नव्या कायद्यानेही असे बिनपैशाचे खेळ मोकळे ठेवले आहेत.

घरात मुलाच्या हाती फोन दिसला की आपण विचारतो, ‘काय खेळतोस?’ त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. समोर कोण आहे? डाव संपतो कधी? आणि प्रत्येक डावाला कोणाला काय मिळते? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पटावर न बसलेल्या कोणाचे नाव आले, तर त्याच्याजवळ बसावे, रागावू नये, आणि खात्याचा उतारा दोघांनी मिळून वाचावा. जमल्यास त्याच्यासमोर ते वीस रुपयांचे गणित कागदावर मांडावे. उपदेशाने जे होत नाही ते बेरीज-वजाबाकीने पुष्कळदा होते, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता एका शब्दाविषयी सांगतो. सारीपाटात तीन फाशांवर सहा, सहा आणि एक असे दान पडले की त्याला पोबारा म्हणत. हे मोठ्या भाग्याचे दान. हिंदीत आजही ‘पौ बारह’ म्हणजे नशीब उघडणे. मराठीत मात्र पोबारा करणे म्हणजे पळून जाणे. दानाचा अर्थ असा का पालटला याचा निवाडा भाषेच्या जाणकारांनी करावा. मी आपला त्याचा सोयीचा अर्थ लावला आहे. पैज लावून बसलेल्या माणसाला सर्वांत मोठे दान पडले, की शहाण्याने त्याच क्षणी उठावे आणि घर गाठावे.